बारा व्होल्टचा डबा

२८ एप्रिल, रविवार

‘तू नुस्ता टॉर्च धर.’

बाबा मला हे १९९१ साली म्हणाले होते. मस्तगडच्या त्यांच्या रेडिओदुरुस्तीच्या दुकानात, एका टेपरेकॉर्डरच्या पोटात डोकं घालून. मी अकरा वर्षांची होते आणि विचारलं होतं, की सोल्डर मी लावू का. तेहतीस वर्षं झाली. मी ते केव्हाच विसरून गेले आहे. आज आठवलं ते सहज, भेंडी चिरताना.

मुद्द्याचं लिहिते. २३ मेला बुद्ध पौर्णिमा. विहारात वंदना सांगणाऱ्या केशरबाई सकाळी घरी आल्या आणि बाबांना म्हणाल्या, तातेराव, दोन वर्षं झाली, पौर्णिमेला तुमचं तोंड दिसलं न्हाई. बाबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, माझी मशीन वाजणार असंल तर येतो. न्हाई तर तिथं येऊन काय करू? पोळ्या मोजू?

मशीन म्हणजे अॅम्प्लिफायर. माझ्या जन्माच्या साली बाबांनी स्वतःच्या हातानं बनवलेला. तेव्हा विहारात लाइट नव्हती, म्हणून तो बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालतो. दर पौर्णिमेला बाबा सायकलच्या कॅरिअरवर ट्रॅक्टरची बॅटरी बांधून नेत. मशीनही स्वतः, बॅटरीही स्वतः. कोणाला हात लावू देत नसत. दुसऱ्यानं उचललं की ते मंडपवाल्याचं काम झालं, असं त्यांचं मत. आता हात थरथरतात. बॅटरी उचलत नाही. म्हणून मशीन टॉवेलमध्ये गुंडाळून कपाटात, आणि बाबा खिडकीत. डॉक्टर म्हणतात चालत जा. बाबा म्हणतात कुठं?

संकल्प: एका हातात मावेल असा बॅटरीचा डबा मी घरी बनवणार. बाबा तो स्वतः उचलतील, स्वतः नेतील. मी एकोणीस वर्षं आठवीला वीज शिकवते आहे. तीन संध्याकाळी पुष्कळ झाल्या.


२९ एप्रिल, सोमवार

आकृती काढली. कोऱ्या उरलेल्या उत्तरपत्रिकेवर, तीन रंगांच्या पेननं. बघत राहावी अशी झाली आहे.

डबा नुसता बारा व्होल्टचा नसेल. अॅडजस्टेबल. दीडपासून पंधरापर्यंत, नॉब फिरवून. भागवतनं विचारलं, मशीनला बाराच लागतात तर बाकीचे कशाला? नवरा हा प्राणी कल्पनाशक्तीशिवाय कसा जगतो, कळत नाही. उद्या कोणाला नऊ लागले तर?

मग म्हणाला, एवढा खटाटोप कशाला करून राह्यली, टेम्पोची बॅटरी आणू, मी उचलतो. त्याला समजावलं, की बाबांनी स्वतः उचलणं हाच सगळा मुद्दा आहे. तो म्हणाला, मंग त्यांला रिक्षात बसवू अन् बॅटरी मांडीवर ठिवू. दिवसभर एमआयडीसीत लालभडक लोखंड बघणाऱ्या माणसाकडून नाजूक विचाराची अपेक्षा नाही. झोपले.


२ मे, गुरुवार

शाळेला सुट्टी लागली. फहीमच्या दुकानात गेले. त्याचे वडील निजामोद्दीनचाचा आणि बाबा, दोघांची दुकानं भिंतीला भिंत लावून होती. बाबांचं बंद झालं, यांचं वाढलं.

आणलेलं सामान: सोल्डरिंग गन, वितळवून जोड चिकटवायची सोल्डर वायर, व्होल्टेज कमीजास्त करणारं छोटं मॉड्यूल, आकडे दाखवणारा डिस्प्ले, सेल जास्त तापू नयेत म्हणून लावायची पट्टी, एक लाल टर्मिनल, एक काळं. सेल विकत घ्यायचे नाहीत. भागवतच्या बंद पडलेल्या लॅपटॉपच्या बॅटरीत सहा आहेत, त्यांतले तीन तरी शुद्धीवर असतील.

फहीम म्हणाला, फ्यूज बी घ्या ताई, बराबर राहतं. मी म्हटलं, मी विज्ञानाची शिक्षिका आहे. तो म्हणाला, म्हणूनच सांगून राह्यलो. उद्धट नाही, पण शिकायला हवा.

फ्यूज घेतला नाही. डब्यात जागा कमी.

निघताना त्यानं एक गंमत सांगितली. अब्बा म्हणायचे, तातेरावचाचा आले की निळी वायर अलग काढून ठिवायची. पूरा बाजार प्लसला लाल लावायचा, तुमचे बाबा निळी. कोणी इचारलं तर म्हणायचे, आपल्याकडं निळं वरच राहणार. खरं आहे. लहानपणी मलाही निळी म्हणजे प्लस हेच माहीत होतं. नववीच्या प्रॅक्टिकलला त्यापायी दोन मार्क गेले. तेव्हापासून मी लाल म्हणजे धन, काळी म्हणजे ऋण या नियमापासून हललेले नाही. वर्गातही सांगते: भावना वेगळ्या, विज्ञान वेगळं.


४ मे, शनिवार

पहिलं सोल्डरिंग. व्हिडिओतला मुलगा दोन सेकंदांत चकचकीत टिपका सोडतो. माझा टिपका चण्याएवढा होतो आणि वायर ओढली की अख्खा हातात येतो. दोष सोल्डरचा. हल्ली कशातच पहिल्यासारखा माल येत नाही.

नुकसान: डावा अंगठा, टेबलावरचं प्लॅस्टिक, आणि एक सेल (तो आधीपासूनच आजारी होता).

भागवत शिफ्टवरून आला आणि दारातच नाक धरून म्हणाला, मॅडम, आमच्या फर्नेसलाबी एवढा वास न्हाई. शास्त्रज्ञांच्या घरात असं होतच असतं.

वास आला तशी आत बाबांनी खुर्ची वळवली. खिडकीकडून खोलीकडे.


५ मे, रविवार

बाबा टेबलाजवळ आले, उभे राहिले, बघितलं. म्हणाले, आदी वायर गरम कर, मंग सोल्डर लाव. तू सोल्डर गरम करून राह्यली.

चाळीस वर्षांपूर्वीचं तंत्र. तेव्हाच्या वायरी वेगळ्या होत्या. मी हसून ‘हो बाबा’ म्हटलं.

ते आत गेल्यावर वायर आधी गरम करून बघितली. टिपका बरा बसला. योगायोग असू शकतो.


८ मे, बुधवार. सकाळी ११

डब्याचा प्रश्न सोडवला. भागवतच्या चार पुडांच्या स्टीलच्या डब्यातला एक पूड घेतला. मजबूत, गोल, धरायला सोपा. आज तो तीन पुडांत भागवेल. वजन वाढलंच आहे त्याचं.

८ मे. दुपारी १

स्टीलमधून वीज वाहते.

म्हणजे हे मला माहीत होतं. आठवीचा धडा आहे तो, सुवाहक आणि दुर्वाहक. मी दरवर्षी स्टीलचा चमचा दाखवूनच शिकवते. पण धडा एकीकडे, प्रत्यक्ष काम एकीकडे. दोन्ही टर्मिनल पुडाला टेकली, ठिणगी उडाली, आणि घरभर जळक्या शेंगदाण्याच्या चटणीचा वास सुटला. पूड नीट धुतलेला नव्हता, ही चूक माझी नाही. धुण्याची पाळी भागवतची होती.

शेजारच्या खोलीतून बाबांनी विचारलं, काय गेलं? मी म्हटलं, काही नाही. ते म्हणाले, मंग चांगलं.

८ मे. संध्याकाळी ७

भागवत विचारतो, भाजीचा पूड कुठं गेल्ता आज? कोरड्या पोळ्या खाल्ल्या म्हणे. विज्ञानाचा इतिहास वाचायला दिला पाहिजे याला.


१० मे, शुक्रवार

नवा डबा मिळाला. प्लॅस्टिकचा, मागच्या वर्षी कोणीतरी वर्गात विसरलेला. झाकणावर हसरं अस्वल आहे. नॉबसाठी भोक पाडलं ते नेमकं अस्वलाच्या नाकावर आलं. डिस्प्ले पोटावर. दोन टर्मिनल दोन्ही पंजांत, एक लाल, एक काळं. हे सगळं ठरवून केलं.

विहार कमिटीचा संघपाल पावतीपुस्तक घेऊन आला होता. त्याला अभिमानानं डबा दाखवला. तो म्हणाला, वैनी, लाइट गेली तरी टेन्शन न्हाई, माझ्याकडं पार्टी स्पीकर हाये, ब्लूटूथवाला, लाल-हिरवे लाइटबी लागतात त्याला. त्रिशरण आणि लाल-हिरवे लाइट! मी त्याला नम्रपणे सांगितलं, की यंदा तो घरीच ठेव. तो म्हणाला, आणून ठिवतो, एका कोपऱ्यात राहील. अविश्वासाचा रोग समाजात किती खोल गेला आहे.


१४ मे, मंगळवार

दोन दिवस इलेक्शन ड्यूटीत गेले. बदनापूरच्या पुढे एका गावात, बेचाळीस डिग्रीत. डब्याचं काम रखडलं, याला जबाबदार लोकशाही.

रोज सकाळी एक तास काम, असा नवा संकल्प. उद्यापासून. उद्या गुरुवार असता तर बरं झालं असतं, बुधवारपासून काही सुरू होत नाही. परवापासून.


१६ मे, गुरुवार

चाललं!

डिस्प्ले पेटला. अस्वलाच्या पोटात ७.४ असा आकडा. नाक फिरवलं तर आकडा बदलतो. उजवीकडे फिरवलं की कमी होतो, डावीकडे वाढतो. जगात सगळीकडे उलट असतं. पण आपण जगासाठी बनवत नाही आहोत. शिवाय लहान मुलाच्या हाती लागलं तर ते उजवीकडेच फिरवणार, म्हणजे आपोआप सुरक्षितता. याला डिझाइन म्हणतात.

१२.० वर आणून भागवतच्या स्कूटरचा जुना बल्ब लावला. लख्ख. वायरी अदलाबदल करून लावला, तरी लख्ख. म्हणजे दोन्ही बाजूंनी तपासून झालं. यापेक्षा कडक परीक्षा काय असते?

भागवत बल्बाकडे बघत राहिला. म्हणाला, बिलकुल पेटला की. त्याच्या आवाजातली निराशा मी माफ केली.


१९ मे, रविवार

बाबांच्या हातात डबा दिला.

त्यांनी दोन्ही हातांनी धरला. हात थरथरत होते, त्यामुळे अस्वल मान हलवत असल्यासारखं दिसलं. म्हणाले, अस्वल हाये का हे? मी म्हटलं, हो. म्हणाले, वजन न्हाई काहीच. मग जरा वेळानं, पुन्हा: वजन न्हाई काहीच.

मग एका हातात घेतला. खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले आणि आले. कोणी सांगितलं नव्हतं.

कपाटातून मशीन काढून टॉवेल सोडून बघितला, पुन्हा गुंडाळला. म्हणाले, आदी घरी लावून बघ एकदा. मी नको म्हटलं. बल्बावर तपासलं आहे, सांगितलं. खरं कारण सांगितलं नाही. मशीन दोन वर्षांनी पहिल्यांदा बोलेल ती विहारात, सगळ्यांसमोर, आणि बाबा तिथं बसलेले असतील. घरी एकदा ऐकल्यावर त्यात काय उरलं?

आणि बल्ब पेटतो म्हणजे वीज येते. वीज येते म्हणजे मशीन चालणार. हे मी आठवीला एका तासिकेत शिकवते.


२२ मे, बुधवार

बाबांनी दाढी केली. स्वतः. दोन ठिकाणी कापलं, तिथं कागदाचे कपटे लावून बसले आहेत. पांढरा शर्ट दोरीवर वाळत आहे.

रात्रभर डबा चार्जिंगला. भागवत म्हणतो, मी एक्स्टेंशन बोर्ड अन् टेम्पोची बॅटरी दोन्ही सांगून ठिवतो, वापरायची न्हाई, नुस्ती असू दे. मी म्हटलं, तू अजून मला ओळखलं नाहीस. तो म्हणाला, बावीस वर्षं झाली ओळखून, म्हणून तर.

बॅटरी येऊ दिली नाही. तत्त्व म्हणून.


२३ मे, गुरुवार. दुपारी ४

बाबा तयार होऊन बसले आहेत. कार्यक्रम साडेसहाला आहे. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत अस्वल. मशीन टॉवेलसकट बगलेत. भागवत रिक्षा आणायला गेला तेव्हा म्हणाले, दोन्ही मीच धरतो.

मला आज काहीच लिहायचं नाही. रात्री लिहीन, सविस्तर. दोन पानं कोरी ठेवते.


२४ मे, शुक्रवार

दोन पानं लागणार नाहीत.

बाबा रिक्षातून उतरले आणि विहाराच्या दारापर्यंत स्वतः चालत गेले. एका बगलेत मशीन, एका हातात पिशवी. बायका बाजूला झाल्या. कोणीतरी जयभीम केला, त्यांना हात मोकळा नव्हता, त्यांनी नुसती मान हलवली. अशी मान मी खूप वर्षांनी बघितली. ओझं वाहणाऱ्याची नाही, कामावर निघालेल्या माणसाची.

साडेसहाला लाइट गेली. अगदी वेळेवर. मी मनातून खूश झाले.

बाबांना पुढं खुर्चीवर बसवलं. जोडणी मी केली. मशीनमधून दोन वायरी बाहेर आलेल्या. एक लाल, एक निळी. डब्याला दोन टर्मिनल. एक लाल, एक काळं. मी क्षणभरसुद्धा डगमगले नाही. लाल लालला. उरलेली निळी काळ्याला. एकोणीस वर्षांचा अनुभव.

बाबांनी डोळे मिटलेले होते. बटण दाबल्यावर विहाराच्या छपरावरच्या भोंग्यातून आधी एक ‘ठप्प’ येतो, त्याची वाट बघत होते. लहानपणी तो ठप्प आला की गल्लीतल्या बायका चुलीवरून उठायच्या.

बटण दाबलं. ठप्प आला नाही. झाकणाच्या फटीतून धुराची एक बारीक रेघ वर आली, उदबत्तीसारखी. दोघी-तिघींना ती उदबत्तीच वाटली, त्यांनी हात जोडले.

बाबांनी डोळे उघडले नाहीत. नुसता वास घेतला आणि हळू म्हणाले, उलटं झालं.

संघपालचा स्पीकर कोपऱ्यात होताच. केशरबाईंनी त्याच्यावर वंदना सांगितली. लाल-हिरवे लाइट कसे बंद करायचे ते संघपालला सापडलं नाही. बुद्धं सरणं गच्छामि, लाल. धम्मं सरणं गच्छामि, हिरवा. बाबा शेवटपर्यंत बसले. हात जोडलेले होते. जोडले की जरा कमी थरथरतात.

येताना मशीन भागवतनं उचलली. बाबांनी उचलू दिली.


त्याच दिवशी, संध्याकाळी

झालं त्याला कोण जबाबदार, याची यादी केली. फहीमनं फ्यूजचा आग्रह आणखी करायला हवा होता. बल्बानं दोन्हीकडून पेटायला नको होतं. इलेक्शन नसतं तर वेळ मिळाला असता. नववीच्या बाईंनी दोन मार्क कापले नसते तर.

यादी वाचली. फाडली.

निळ्या वायरीचं फहीमनं मला सांगितलं होतं. त्याच दिवशी मी ते इथं लिहूनही ठेवलं आहे, गंमत म्हणून. पानं मागे उलटली की दिसतं.

बाबा रागावले असते तर मला बचावाचं भाषण पाठ होतं. ते रागावले नाहीत. मशीन उघडून बघितली, म्हणजे मी स्क्रू काढले, पेचकस त्यांच्या हातात राहत नाही. आत वाकून बघत म्हणाले, चूक माझीबी हाये पोरी. उलटं लागलं तर मशीन वाचवायला एक डायोड टाकायचा असतो. मी टाकला न्हाई. म्हटलं, आपल्या घरात निळं उलटं कोण लावील?

मग टॉवेल मागितला. मशीन गुंडाळली. म्हणाले, राहू दे आता. झालं तिचं.

खुर्ची पुन्हा खिडकीकडे वळली आहे.


२५ मे, शनिवार. सकाळी ६

फहीमला फोन केला होता. तो म्हणाला, ताई, ट्रान्झिस्टर गेले असतील, दुसरं काही जात न्हाई, जुना माल हाये माझ्याकडं, अब्बाच्या वेळचा. पण आतलं कनेक्शन कोणाला माहीत हाये? कागदावर तर न्हाई.

कागदावर नाही. बाबांच्या डोक्यात आहे. हात माझे आहेत, तेही चण्याएवढा टिपका सोडणारे. पण वायर आधी गरम करायची, एवढं आता येतं. तो योगायोग नव्हता.

यावेळी संकल्प नाही. तारीख ठरवलेली नाही. आकृती काढलेली नाही. अस्वल कपाटावर ठेवलं आहे, आतलं सामान फहीम परत घेत नाही म्हणाला. टेबलावर टॉवेल पसरला, त्यावर मशीन ठेवली. निळी वायर वर येईल अशी.

आत चहाचं पाणी ठेवलं आहे. बाबा उठले की विचारणार आहे. ते काय म्हणतील, माहीत आहे. म्हणतील, राहू दे. म्हणतील, माझा हात हलतो, उजेड सगळा नाचंल, तुला दिसायचं न्हाई काही. म्हणतील, न्हाई म्हणलं ना एकदा. आणि खिडकीबाहेर बघायला लागतील.

तरी विचारणार आहे.

बाबा, सोल्डर मी लावते. तुम्ही नुस्ता टॉर्च धरा. हलला तरी चालेल.